पेरण्याआधी तपासा, पेरल्यावर राखा

(सचोटीच्या राजकारणासाठी तालुक्यात स्वयंसेवकांची शाखा कशासाठी आणि कशी, या विषयावर जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर शेवटून दुसरी ओळ अशी आहे : ‘राजकारणात सचोटीचे नेतृत्व यावे म्हणून तालुक्यात स्वयंसेवकांची शाखा काढणे.’ ही ओळ वाचून सकाळपासून दोन-तीन जुन्या कार्यकर्त्यांनी मला बाजूला घेतले आणि विचारले, ‘साहेब, भावाचा प्रश्न सुटला का? आता आपण चारित्र्याचे वर्ग चालवायचे का?’

प्रश्न रास्त आहे. त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

१९८० साली चाकणला कांद्याचे आंदोलन झाले, तेव्हापासून आपली मांडणी स्पष्ट आहे. शेतकरी गरीब राहिला तो पुढारी वाईट होते म्हणून नव्हे, शेतीमालाचा भाव पाडण्याचे धोरण होते म्हणून. निर्यातबंदीच्या कागदावर चोराने सही केली काय आणि साधूने केली काय, कांद्याचा भाव तेवढाच पडतो. म्हणून आपण माणसांच्या मागे लागलो नाही, धोरणाच्या मागे लागलो. शरद जोशींनी हे इतक्या वेळा सांगितले की ते आपल्या अंगात मुरले आहे. त्यातला एक शब्दही मी आज मागे घ्यायला सांगत नाही.

पण धोरणाला हात-पाय असतात. दिल्लीत ठरलेले धोरण गावात कुणाच्या तरी हातून राबते, आणि ते होताना तिथे कुणीतरी गप्प बसतो. तो गप्प बसणारा माणूस आपणच निवडून दिलेला असतो. आजचा विषय त्याच्याबद्दल आहे.

साखळी कुठून सुरू होते?

अगदी अलीकडचा हिशेब घ्या. १९ ऑगस्ट २०२३ ला कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद झाली. ती ४ मे २०२४ ला उठली, पण ४० टक्के शुल्क आणि टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्याची अट ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये ती अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि ते शून्य व्हायला १ एप्रिल २०२५ उजाडला. जवळजवळ वीस महिने आपण रस्त्यावर होतो. या वीस महिन्यांत आपल्या तालुक्यातून निवडून गेलेला प्रत्येक माणूस काय बोलला, कुठे बोलला आणि मतदानाच्या वेळी कोणत्या बाजूला होता, याची तारखेसह नोंद आपल्यापैकी कुणाकडे आहे? हात वर करा. मला एकही हात दिसत नाही. मग निवडणुकीच्या सभेत तो माणूस ‘मी शेतकऱ्यांसाठी भांडलो’ असे म्हणाला तर त्याला खोटे पाडणार कोण?

ही झाली वरची गोष्ट. आता खाली या. बाजार समितीचे संचालक मंडळ अठरा जणांचे. एप्रिल २०२३ मध्ये राज्यभर निवडणुका झाल्या त्या याच रचनेत. त्यात अकरा जागा सोसायट्यांच्या संचालकांच्या मतांवर, चार जागा ग्रामपंचायत सदस्यांच्या मतांवर, दोन अडते-व्यापाऱ्यांच्या आणि एक हमाल-मापाड्यांची. म्हणजे ट्रॅक्टर भरून माल घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याने या निवडणुकीत थेट मत दिलेच नाही. त्याचे मत त्याने आधीच देऊन टाकले होते, गावच्या विकास सोसायटीच्या आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत. जिल्हा बँकेचे तेच. सोसायटी ठराव करते, ठरावातला माणूस बँकेत मत देतो. बँकेच्या निवडणुकीआधी हे ठराव कसे ‘गोळा’ होतात आणि ठरावातली माणसे सहलीला कुठे जातात, हे मी या बैठकीत सांगण्याची गरज नाही.

तर साखळी अशी आहे : सोसायटी, ग्रामपंचायत, बाजार समिती, जिल्हा बँक. पहिल्या कडीला आपले मत थेट, पुढच्या कड्यांना आपण फक्त बघे. पहिल्या कडीत जे पेराल तेच वर उगवेल. आडात नाही ते पोहऱ्यात येत नाही. आणि पहिल्या कडीच्या निवडणुकीकडे आपली चळवळ ‘गावकीचे भांडण’ म्हणून पाठ फिरवत आली आहे.

खुर्चीची बोली

या पाठ फिरवण्याचा परिणाम काय होतो, त्याचे उदाहरण देतो. उदाहरण गाजलेले आहे, निवडणूक आयोगाच्या आदेशात नोंदलेले आहे.

जानेवारी २०२१ मध्ये राज्यात ग्रामपंचायतीच्या निवडणुका होत्या. नाशिक जिल्ह्यात देवळा तालुक्यातले उमराणे हे कांद्याची मोठी बाजारपेठ असलेले गाव. तिथे सरपंचपदासाठी जाहीर बोली झाली. बोली दोन कोटींच्या वर गेल्याची बातमी चित्रफितीसह राज्यभर पोहोचली. पैसा मंदिरासाठी होता, असे सांगण्यात आले. नंदुरबार तालुक्यातल्या खोंडामळी गावातही असाच लिलाव झाला. राज्य निवडणूक आयोगाने अहवाल मागवले, चित्रफिती तपासल्या आणि दोन्ही गावांची निवडणूक प्रक्रिया रद्द केली.

आता आपण शेतकरी आहोत, उत्पादन खर्च काढणारी माणसे आहोत. तेव्हा मोठ्यात मोठ्या गावच्या सरपंचाला मानधन महिन्याला ५ हजार रुपये होते. साठ महिन्यांचे झाले ३ लाख. २०२४ साली मानधन दुप्पट झाले, म्हणजे त्या हिशेबानेही पाच वर्षांचे ६ लाख. सहा लाखांच्या पिकाला दोन कोटींचा खर्च करायला कुठला शेतकरी तयार होईल? कुणीच नाही. जो तयार होतो, त्याला दुसरे कुठले तरी पीक दिसत असते, किंवा गावातली प्रतिष्ठा विकत मिळते असे त्याला वाटत असते. देवाच्या नावाने पैसा गेला म्हणून हिशेब बदलत नाही. ज्याच्याजवळ दोन कोटी नाहीत त्या माणसाचा उभे राहण्याचा हक्क त्या दिवशी संपला, आणि गावातल्या प्रत्येक मतदाराचे मत न विचारता खर्ची पडले.

मला उमराण्याच्या गावकऱ्यांना दोष द्यायचा नाही. तिथे चित्रफीत निघाली म्हणून जगाला कळले. कितीतरी गावांत बोली बंद दाराआड होते आणि बाहेर येऊन सगळे सांगतात, ‘गावाने एकोप्याने बिनविरोध केले.’ बिनविरोध या शब्दाची आपल्याला फार भूल पडते. बिनविरोध झाले म्हणजे भांडण टळले, खर्च वाचला, वर पुन्हा निधी मिळाला. मी विचारतो, विरोध होता तो गेला कुठे? पटवून मिटला की पैसे देऊन, की दमदाटीने? हिवरेबाजारसारख्या आदर्श म्हणून नावाजलेल्या गावातही तीस वर्षे बिनविरोध निवडणुका झाल्यावर २०२१ साली मतदान झाले, पोपटराव पवारांचे पॅनेल निवडून आले आणि गाव काही मोडले नाही. चांगल्या कारभाराला निवडणुकीची भीती नसते.

सज्जन शोधून भागत नाही

आता मूळ मुद्द्यावर येतो. सचोटीचे नेतृत्व म्हटले की लोक एखादा सज्जन माणूस शोधायला निघतात. एखादा निवृत्त गुरुजी, एखादा माळकरी, एखादा सैन्यातून परत आलेला. त्याला निवडून देतात आणि घरी जाऊन झोपतात. दोन वर्षांनी म्हणतात, ‘हाही तसलाच निघाला.’

मी शेतकीचे शिक्षण घेतलेला माणूस आहे, म्हणून बियाण्याचा दाखला देतो. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्याआधी आपण काय करतो? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो, सावलीत ठेवतो, आठवडाभरात कोंब मोजतो. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर ते बियाणे पेरायचे. बियाणे दिसायला टपोरे आहे, भावकीतल्या माणसाने दिले आहे, एवढ्यावर आपण पेरत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा ढीग पडला, तेव्हापासून तर अजिबात नाही.

आणि प्रमाणित बियाण्याचे शेत कसे राखतात, तेही बघा. पायाभूत बियाणे पेरले म्हणून काम संपत नाही. फुलोऱ्यात तपासणी, पीक पक्व होताना तपासणी, मध्ये भेसळीची झाडे हाताने उपटायची. एवढे झाल्यावर निळी खूणचिठ्ठी लागते. चांगल्या बियाण्याचे पीकसुद्धा राखले नाही तर भेसळ होते. त्यात बियाण्याचा दोष थोडा, राखणीचा जास्त.

माणसाचेही तसेच आहे. खुर्चीवर बसलेला माणूस रोज ठेकेदाराला भेटतो, ग्रामसेवकाला भेटतो, आमदाराच्या माणसाला भेटतो. मतदार त्याला पाच वर्षांनी एकदा भेटतो. ज्याची संगत रोजची त्याचा रंग चढणार. म्हणून मला या शाखेकडून सज्जनांची यादी नको आहे. मला हवी आहे राखण. पेरण्याआधी तपासणारी आणि पेरल्यावर पाच वर्षे बांधावर उभी राहणारी माणसे, दहा-अकराच असली तरी चालतील.

थोड्या माणसांनी काय होते?

कुणी म्हणेल, दहा माणसांनी काय होणार? दोन दाखले देतो, एक शहरातला, एक जंगलातला.

१९९९ साली अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतल्या काही प्राध्यापकांनी दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला. त्यांची मागणी साधी होती : उमेदवारावर कोणते गुन्हे आहेत, त्याची मालमत्ता किती, शिक्षण काय, हे मतदाराला कळले पाहिजे. उच्च न्यायालयाने मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ ला ते कायम केले. तेव्हा एकमेकांची तोंडे न पाहणारे पक्ष एक झाले आणि संसदेत कायदा बदलून त्यांनी ही माहिती झाकण्याची तजवीज केली. १३ मार्च २००३ ला सर्वोच्च न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. तेव्हापासून प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र सर्वांना खुले आहे. मूठभर मास्तरांनी चार वर्षे चिकाटी धरली आणि सगळ्या पक्षांना नको असलेली गोष्ट करून घेतली. एवढ्या कष्टाने मिळालेले ते शपथपत्र गावात उघडून वाचणारे कुणी नाही, ही आपली तऱ्हा.

दुसरा दाखला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे छोटेसे गोंड गाव. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या कामामुळे ते नावारूपाला आले. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ साली आपला बांबू आपण विकण्याचा हक्क मिळाला. त्या गावाची एक पद्धत मला मोलाची वाटते. तिथे अभ्यास गट वेगळा आणि ग्रामसभा वेगळी. अभ्यास गटात बसून कायदा वाचायचा, आकडे बघायचे, वाद घालायचा. पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. ज्याला माहिती आहे त्याच्या हातात सत्ता नाही, आणि ज्यांच्या हातात सत्ता आहे त्यांना माहिती मिळते. आपली शाखा अशीच असावी, हे मी आज सुचवतो आहे.

शाखेची चार कामे

काम फार पसरू नका. चारच कामे घ्या.

पहिले काम, निवडणुकीआधी. प्रारूप मतदार यादी लागली की ती वाचणे. सोसायटीच्या यादीत मयत सभासद किती, बाहेरगावी गेलेले किती, हे शोधून मुदतीत हरकत घेणे. मुदत गेल्यावर ओरडून उपयोग नसतो. मग अर्ज भरले गेले की प्रत्येक उमेदवाराचे शपथपत्र मिळवून सोप्या मराठीत एका पानावर लिहिणे : गुन्हे, मालमत्ता, कर्ज. त्यात आपले मत घालायचे नाही, शेरा मारायचा नाही. ते पान चावडीवर, देवळाजवळ, दूध संकलन केंद्रावर लावायचे. आणि एक दिवस सगळ्या उमेदवारांना एका ओट्यावर बोलावून तेच पाच प्रश्न प्रत्येकाला विचारायचे. जो येणार नाही त्याची रिकामी खुर्ची ठेवायची.

दुसरे काम, ग्रामसभा. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणे कायद्याने बंधनकारक आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा आपल्याला पाठ आहेत. गणपूर्तीला पंधरा टक्के मतदार किंवा शंभर मतदार, यापैकी जी संख्या कमी ती पुरते. सभा बोलावण्यात कसूर झाली तर सरपंचाचे पद जाऊ शकते. म्हणून सभा कागदावर होतात. झेंडावंदनानंतर दहा माणसे थांबतात, प्रोसिडिंग बुक घरोघर फिरते आणि सह्या जमतात. शाखेने ठरवायचे की दर ग्रामसभेला आपण शंभर माणसे बसवणार, त्यात निम्म्या बाया, आणि ठराव तिथल्या तिथे लिहून मोठ्याने वाचल्याशिवाय कुणी उठणार नाही.

बायांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी सांगतो. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला लाखभर शेतकरी महिलांच्या साक्षीने आपण सत्तेत बाईच्या वाट्याची भाषा केली. त्यानंतर यवतमाळचे मेटीखेडा, जळगावचे विटनेर अशा गावांत सगळ्या महिलांची पंचायत निवडून आणली, तेव्हा आजच्या आरक्षणाचा पत्ता नव्हता. २०११ पासून राज्यात निम्म्या जागा बायांच्या आहेत, आणि कितीतरी ठिकाणी खुर्चीवर नवरा बसतो. सरपंचबाईच्या खुर्चीवर दुसरा कुणी बसला तर शाखेच्या माणसाने उठून त्याला उठवले पाहिजे. हे काम आपल्या परंपरेतले आहे.

तिसरे काम, हिशेब. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात, म्हणजे २०२०-२१ ते २०२५-२६, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर आला. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधलेला होता. खर्चाच्या नोंदी ई-ग्रामस्वराज या सरकारी संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात. गावातली कॉलेजची मुलगी ते अर्ध्या तासात उतरवून देईल. मग त्या यादीतले गटार, ती पाइपलाइन, तो हातपंप प्रत्यक्ष आहे का, हे पायी फिरून बघायचे. शंका आली तर माहिती अधिकाराचा अर्ज : दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर, नाही आले तर पहिले अपील. आणि अर्जाआधी एक सोपा रस्ता आहे. २०१८ च्या शासन निर्णयाने जिल्हा आणि त्याखालच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघण्याची सोय ठेवायला सांगितली आहे. सोमवारी दोघे जा, बसा, रोकडवही आणि मोजमाप पुस्तिका मागा. माणसांची खासगी माहिती मागत बसू नका. २०२३ च्या कायद्याने ते दार आणखी अरुंद केले आहे. कामाचा आणि पैशाचा कागद मागा.

सोसायटीला माहिती अधिकार थेट लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली सांगितले. पण सभासदाला सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे हिशेब बघण्याचा हक्क आहे, आणि निबंधकाच्या दप्तरी असलेले कागद माहिती अधिकारात मिळतात. वार्षिक सभेत लेखापरीक्षण अहवाल मागणारा एक सभासद असला तरी सचिवाची लेखणी जपून चालते.

चौथे काम, नोंदवही. सरपंचापासून खासदारापर्यंत आपल्या तालुक्याचा प्रत्येक निवडून आलेला माणूस, त्याच्या नावाचे एक पान. त्याने दिलेला शब्द, तारीख; पुढे काय झाले, तारीख. चांगले केले तेही लिहायचे. नोंदवहीत शिवी नको, कौतुक नको. पुढच्या निर्यातबंदीच्या वेळी हे पान फळ्यावर लावले की आपले भाषण झाले.

या कामाची गरज किती आहे, ते गेल्या काही वर्षांनी दाखवले. मार्च २०२२ मध्ये मुदती संपल्या आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. तीन वर्षांहून जास्त काळ तिथे लोकांचा एकही माणूस नव्हता. सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी निवडणुका घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. आपली जिल्हा परिषद आपल्याशिवाय चालली आणि गावात कुणाला चुकल्या-चुकल्यासारखे वाटले नाही. ज्या शेताला राखण नसते त्याचे पीक गेले तरी कळत नाही.

शाखेची शिस्त

आता कटू बोलतो. अशा गटांचे दोन रोग आपण पाहिले आहेत. पहिला, माहिती अधिकाराचा अर्ज करायचा, ठेकेदाराला भेटायचे आणि अर्ज मागे घ्यायचा. हा धंदा झालेला आहे आणि त्याने चांगल्या कायद्याचे नाव खराब केले आहे. दुसरा, राखण म्हणून गट काढायचा आणि तीन वर्षांनी त्याच गटाचे पॅनेल उभे करायचे. कुंपणच शेत खायला लागले तर दाद कुणाकडे मागायची?

म्हणून नियम पहिल्या दिवशी लिहा आणि वाचून दाखवा. एक, शाखेच्या माणसाने कुठलीही निवडणूक लढवायची नाही. लढवायची असेल तर दोन वर्षे आधी शाखा सोडायची. निवडणूक लढवणे हे पाप नाही, पण राखणदार आणि वाटेकरी एकच नको. दोन, सभासद कुठल्याही पक्षाला मत देवो, पण पक्षाचा पदाधिकारी शाखेत नको. तीन, अर्ज शाखेच्या बैठकीत ठरवूनच करायचा, अधिकाऱ्याला कुणी एकट्याने भेटायचे नाही, आणि आलेले उत्तर ग्रामसभेत वाचायचेच, ते कुणाच्याही बाजूचे असो. चार, कुणाकडूनही वर्षाला शंभर रुपयांपेक्षा जास्त वर्गणी नाही, आणि जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर. पाच, शाखा कुणालाही पाठिंबा देणार नाही. आपल्या चळवळीच्या उमेदवारालासुद्धा नाही. त्याचेही शपथपत्र त्याच चावडीवर, त्याच अक्षरात लागेल.

पाचवा नियम ऐकून काही चेहरे उतरले, ते मला इथून दिसतात. पण आपल्या माणसाला सूट दिली की दुसऱ्या दिवशी शाखेचे पान कुणी वाचणार नाही. शाखेत एकाच भावकीची माणसे घेतलीत तरी तेच होईल. निम्म्या बाया, शेतमजूर, वस्तीवरची माणसे नसतील तर लोक म्हणतील, हा पडलेल्या पॅनेलचा उद्योग आहे. आणि ते बरोबर म्हणतील.

आपल्या मताचा भाव

शेवटी आपल्याबद्दल. आपण आयुष्यभर रास्त भावासाठी भांडलो. उत्पादन खर्च भरून निघाल्याशिवाय माल देणार नाही म्हणालो. मग मताचे काय? मतामागे हजार रुपये घेतले असे धरा. पाच वर्षांचे १,८२६ दिवस. दिवसाला पडले पंचावन्न पैसे. एवढ्या पडत्या भावाने आपण दुसरा कुठला माल विकला आहे? आणि हा माल विकला की पाच वर्षे तक्रारीचा हक्क गेला. पैसे देणारा तोंडावर सांगतो, ‘तुमचे देणे देऊन झाले आहे.’

मतासाठी लाच देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे. जुन्या दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. पण कायद्याचा धाक घालून हे थांबणार नाही. ज्या घरात औषधाला पैसे नाहीत त्या घरातल्या बाईने पाकीट घेतले तर तिच्यावर बोट दाखवायला मी जाणार नाही. शाखेने तिला एवढेच सांगायचे की पाकीट देणारा ते पैसे कुठून वसूल करतो. तिच्याच नळाच्या पाइपलाइनमधून, तिच्याच सोसायटीच्या नव्या-जुन्यातून, तिच्याच मालाच्या तोलातून. गावातल्या एका खऱ्या कामाचा खरा कागद हातात ठेवून हे सांगितले तर तिला पटेल. नुसते नीतीचे भाषण दिले तर ती दार लावून घेईल, आणि तिचे बरोबर असेल.

सकाळच्या प्रश्नाचे उत्तर यात आले, असे मी समजतो. भावाचा प्रश्न संपलेला नाही. तो सोडवायला जी माणसे वर पाठवायची त्यांची पेरणी गावात होते, आणि ते शेत आज बेवारशी आहे. धोरणाशी लढाई चालूच राहील. ती लढताना आपल्या मागचे कुंपण उघडे नको.

ठराव म्हणून मी तीन गोष्टी मांडतो. पुढच्या ग्रामसभेच्या तारखेआधी प्रत्येक तालुक्याने अकरा जणांची शाखा करावी, त्यात किमान पाच महिला. प्रत्येक शाखेने एकच गाव, एकच काम आणि एकच कागद निवडून तो शेवटपर्यंत न्यावा. आणि पुढच्या जिल्हा बैठकीला तालुक्यांनी भाषण आणू नये, तो कागद आणावा. तो वाचून दाखवायला प्रत्येकाला दहा मिनिटे मिळतील.

चर्चा खुली आहे. ज्यांना हा ठराव पटलेला नाही त्यांनी आधी बोलावे.